हक्कसोड पत्रावर सही कोणाची?

आधी एक सोपा प्रश्न. तुमच्या नात्यागोत्यात आजवर जेवढी हक्कसोड पत्रं झाली असतील, त्यातली पुरुषांनी किती केली? जरा आठवून बघा.

मी आठवून बघितलं. वडिलांकडचे सगळे धुळे जिल्ह्यातले, आईकडचे जळगावचे. दोन्हीकडे भाऊबंदकी भरपूर, वाटण्या भरपूर, तलाठ्याकडच्या चकरा तर विचारूच नका. एवढ्या गोतावळ्यात मला एकाही पुरुषाने केलेलं हक्कसोड पत्र आठवलं नाही. सगळ्या सह्या आत्यांच्या, मावश्यांच्या, बहिणींच्या. योगायोग म्हणावा तर फारच शिस्तीचा योगायोग आहे!

माझं म्हणणं एवढंच आहे की ही सही चुकीच्या माणसाकडून घेतली जाते. ती करायला हवी आपण. आपण म्हणजे पुण्या-मुंबईत, बंगळुरात, नाहीतर न्यू जर्सीत बसून पगार घेणारे, वर्षातून दोनदा गावी जाणारे, आणि सातबाऱ्यावर मात्र समान वाट्याने असणारे चिरंजीव. चिडायचं असेल तर जरूर चिडा, पण पूर्ण वाचून मग चिडा.

ज्यांचं बालपण फ्लॅटमध्ये गेलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वडील वारले की जमिनीला वारसांची नोंद होते. आई, मुलगे, मुली, सगळ्यांची नावं लागतात. मग एक दिवस भावाचा बहिणीला फोन जातो, "ताई, जरा तालुक्याला येऊन जा, एक सही करायची आहे." दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर दस्त होतो. मी माझा हक्क, हिस्सा, हितसंबंध स्वखुशीने आणि विनामोबदला सोडत आहे, वगैरे वगैरे. अंगठा, फोटो, साक्षीदार. पुढे फेरफार मंजूर झाला की बहिणीचं नाव कमी. जाताना तिला एक साडी. झालं!

आता हे 'स्वखुशीने' प्रकरण जरा बघू. आपल्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. ज्या बहिणीने सही केली नाही, तिला पुढच्या आखाजीला आणायला कोण जाणार? हा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही. विचारावा लागतच नाही, तिला तो आपोआप ऐकू येतो. बिघाभर जमीन की माहेर, यातून एक निवडायला सांगितलं तर ती माहेर निवडते, आणि त्या निवडीला आपण स्वखुशी म्हणतो.

कायद्याने मुलीला काय दिलं आणि कधी दिलं, हेही बघण्यासारखं आहे. कल्याणला डॉक्टर असलेल्या एका विवाहित मुलीकडे तिच्या वडिलांनी पोटगी मागितली. तेव्हा त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. मुलीचं म्हणणं, ही जबाबदारी मुलाची, माझी नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. विजया मनोहर अरबट विरुद्ध काशीराव सवाई, साल १९८७. कोर्टाने सांगितलं, लग्न झालेली असली तरी ऐपत असलेल्या मुलीवर आईबापांना सांभाळायची जबाबदारी आहे. एकदम मान्य.

आता हिश्श्याच्या तारखा बघा. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहे. पण आपल्याकडची शेती बहुतेक वडिलोपार्जित. त्यात मुलीला मुलासारखा जन्माने हक्क महाराष्ट्राने दिला १९९४ साली, तोही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर दिला गेला ९ सप्टेंबर २००५ पासून. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं काही नाही, हे पक्कं व्हायला ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा निकाल यावा लागला. म्हणजे जबाबदारी १९८७ मध्ये एका फटक्यात आली, आणि हक्काचे पॅच पुढची तेहतीस वर्षं रिलीज होत राहिले. एवढं करून हातात आलेला हक्क ती तालुक्याच्या ऑफिसात एका सहीने परत देऊन येते.

माझ्या एका आत्याचं सांगतो. आजोबा गेल्यावर वर्षाच्या आत तिची सही झाली. पुढे काही वर्षांनी आजी पडली, खुब्याचं हाड मोडलं. तीन मुलगे. एक शेतीवर, दोन शहरात. आजीला कोणाकडे ठेवायचं यावर चार दिवस चर्चा चालली. कोणाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोणाच्या मुलाची दहावी. शेवटी आत्या गाडी घेऊन आली आणि आईला स्वतःच्या सासरी घेऊन गेली. आजी शेवटची तीन वर्षं लेकीच्या घरी, जावयाच्या छपराखाली होती. आतेभावाने स्वतःची खोली तिला दिली. आजी गेल्यावर गंधमुक्तीची पत्रिका छापली, त्यात शोकाकुल म्हणून तिन्ही मुलांची नावं ठळक. शे-दोनशे माणसं जेवून गेली. सातबाऱ्यावर आत्या नव्हती आणि पत्रिकेतही तिचं नाव खाली बारीक टाइपात. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र 'नातेवाईकाचे नाव' या रकान्यात तिन्ही वर्षं फक्त तीच होती.

ही गोष्ट जगावेगळी असती तर मी लिहिली नसती. तुम्ही धुळ्याचे असा, चाळीसगावचे असा, रावेरचे असा, तुमच्या घरात अशी एक आत्या आहेच.

आता गावातल्या भावाकडे येऊ. दोन भावांतला एक शिकून बाहेर पडतो, एक मागे राहतो. मागे राहतो तो काही कमी हुशार असतो म्हणून नाही. बऱ्याच वेळा कोणीतरी राहायलाच हवं म्हणून राहतो. केळीवर सीएमव्ही आला की उपटून फेकायचं काम त्याचं. कापसावर बोंडअळी आली की फवारा त्याच्या पाठीवर. रात्री दोनला वडिलांच्या छातीत दुखलं की मोटरसायकलवर, मिळाली तर जीपमध्ये, तालुक्याला तोच नेणार. आपण सकाळी व्हॉट्सॲपवर विचारणार, "आता कसं आहे? रिपोर्ट पाठव." आपल्याकडे ऑन-कॉल ड्युटी आठवड्याने बदलते, तरी आपण मॅनेजरकडे कुरकुर करतो. हा माणूस वीस वर्षं ऑन-कॉल आहे आणि त्याला रिप्लेसमेंट नाही.

आणि खरं तर तोही नाही, वहिनी! पाणी तापवणं, पथ्याचं वेगळं जेवण, गोळ्यांच्या वेळा, सासूबाईंना बाथरूमपर्यंत धरून नेणं. यातलं दादा किती करतो आणि वहिनी किती करतात, हे गावाकडे दोन दिवस डोळे उघडे ठेवून राहिलं की कळतं. जरा हिशेब करू. रोजचे फक्त चार तास धरा. वर्षाचे ३६५ दिवस, कारण म्हातारपणाला शनिवार-रविवार नसतो. दहा वर्षं. ४ × ३६५ × १० = १४,६०० तास. आठ तासांच्या दिवसाने १,८२५ दिवस. आपल्यासारखे वर्षाला २२० कामाचे दिवस धरले तर सव्वाआठ वर्षांची पूर्णवेळ नोकरी. पगार शून्य, अप्रेझल नाही, आणि दिवाळीला आलेल्या पुण्याच्या जाऊबाई विचारणार, "आईंचा बीपी वाढला कसा? मीठ जास्त घालता का?"

सासऱ्याच्या इस्टेटीत सून वारस नसते, अगदी विधवा झाली तर गोष्ट वेगळी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. २०१९ साली एक दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात सून-जावयांनाही या व्याख्येत घ्यायचं ठरत होतं. २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. पण गंमत बघा, सरकारला सून आठवली ती जबाबदारी टाकायला. वाटा द्यायला अजून कोणालाच आठवलेली नाही.

इथे माझे मित्र हमखास एक मुद्दा काढतात. "अरे पण शेतीचं उत्पन्न तोच खातो ना! आम्ही कधी हिशेब मागितला?" बरं, मागा की. मागायलाच हवा. उत्पन्न एका बाजूला लिहा, शेतीत घातलेला पैसा आणि कष्ट दुसऱ्या बाजूला, आईवडिलांचं खाणं-औषधं तिसरीकडे. पण हिशेब उघडलाच आहे तर आपलंही पान काढा. इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी कुठून आली? होस्टेल, मेस, पहिला लॅपटॉप, सहाव्या सेमिस्टरला लावलेला क्लास? कितीतरी घरांत त्यासाठी कपाशीचा पैसा फिरला, आईच्या पाटल्या मोडल्या, कुठे बिघा-दोन बिघे विकले. तो खर्च भावावर झाला नाही, बहिणीवर तर नाहीच नाही. (तिच्या लग्नावर झाला म्हणाल, तर लग्न आपलंही झालं.) वडिलांच्या कमाईतला आपला वाटा आपण बावीस वर्षांचे असतानाच उचललेला आहे. रोख आणि ॲडव्हान्स. त्याच वाट्याच्या जोरावर दर महिन्याला खात्यात पगार येतो. मग सातबाऱ्यावर दुसऱ्यांदा समान वाटा कशाच्या बळावर मागायचा?

तुम्ही म्हणाल, मी मागतच नाही, भाऊ बघेल काय ते. इथेच तर खरी ग्यानबाची मेख आहे. मागावं लागतच नाही, कारण गप्प बसलं की वाटा आपोआप मिळतो. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा सगळ्या मुलांना समान धरतो. कोणी सेवा केली, कोण सहा महिन्यांतून एकदा आलं, हे तो बघत नाही. ही डिफॉल्ट सेटिंग आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे. म्हणूनच घरात हा विषय निघाला की सगळ्यात जास्त नाक मुरडणारे आपण असतो. "आईबाबा असताना असलं अभद्र कशाला बोलायचं?" वा! प्रॉडक्शनवर जायच्या आधी डिझॅस्टर रिकव्हरीची मीटिंग घेणारे आपण. टर्म इन्शुरन्स काढताना स्वतःच्या मरणाचं गणित एक्सेलमध्ये मांडणारे आपण. आणि आईच्या म्हातारपणाचा विषय मात्र अभद्र? हा संकोच वगैरे काही नाही. ज्याला गप्प बसून फायदा होतो त्याचं ते गप्प बसणं आहे.

याची दुसरी बाजू वडीलधाऱ्यांची, आणि तीही सांगायला हवी. आपल्याकडे एक खुळ आहे, "माझ्या डोळ्यांदेखत वाटण्या करून टाकतो, म्हणजे मागे भांडणं नकोत." हेतू चांगला. परिणाम असा की जमिनीबरोबर म्हातारा-म्हातारीचीही वाटणी होते. आई थोरल्याकडे, वडील धाकट्याकडे, नाहीतर महिना-महिन्याची पाळी. चाळीस-पन्नास वर्षं एका छपराखाली राहिलेल्या नवरा-बायकोला सत्तरीत वेगळं राहायला लावणारी ही पद्धत आपण 'व्यवस्था' म्हणून सांगतो, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं १९७० साली. अप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना देऊन मोकळे होतात आणि पुढे काय होतं ते महाराष्ट्राला पाठ आहे. थिएटरात रडून रुमाल भिजवलेले लोक घरी येऊन बक्षीसपत्र करतात, याला काय म्हणावं? बरं, ते नाटक झालं. जळगावकरांना रेमंड म्हटलं की एमआयडीसीतली गिरणी आठवते. त्या रेमंडच्या विजयपत सिंघानियांनी २०१५ मध्ये आपल्याकडचे सुमारे ३७ टक्के शेअर मुलाच्या नावे केले, आणि २०१७ मध्ये ते राहत्या घराच्या हक्कासाठी मुंबई हायकोर्टात उभे होते. हजार कोटींच्या माणसाची ही गत, तर आपल्या पाच बिघ्यांच्या आबांचं काय? देऊन टाकलेल्या माणसाला घरात काय किंमत राहते, हे त्याच्या श्रीमंतीवर ठरत नाही. हातात काही उरलंय का, यावर ठरतं.

कायदा काय करतो? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात मार्च २००९ पासून लागू. अर्ज करायचा प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे. भुसावळ, अमळनेर, शिरपूर, जिथलं तिथे. वकील लागू नये अशीच त्याची रचना आहे. नव्वद दिवसांत निकाल द्यायचा, फारच अडचण असेल तर आणखी तीस. पोटगीला कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. (ती काढून टाकायचं त्या बारगळलेल्या विधेयकात होतं, त्याच्याबरोबर तेही गेलं.) आईबापांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यातलं सगळ्यात कामाचं कलम २३. 'सांभाळ करीन' या अटीवर मालमत्ता घेतली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण कळीचा शब्द आहे अट. २०२२ मध्ये हरियाणातल्या एका आईच्या खटल्यात (सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी) सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सांभाळाची अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं 'आईने दिलं म्हणजे अट असणारच' असं धरता येणार नाही. उलट मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या उर्मिला दीक्षित यांनी २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं आणि शेवटपर्यंत सांभाळीन असं मुलाचं वचनपत्र त्यांच्याकडे होतं. २ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टाने बक्षीसपत्र रद्द धरलं आणि घराचा ताबा आईला परत द्यायला लावला. दोन खटल्यांत फरक काय? एक कागद! आपण क्लायंटचा साधा बदल ईमेलशिवाय घेत नाही, आणि आईवडील सगळं आयुष्य तोंडी शब्दावर देऊन टाकतात.

पण कायद्यावर माझी फार भिस्त नाही. कारण सरळ आहे, खानदेशातला बाप पोटच्या पोराविरुद्ध प्रांताकडे अर्ज घेऊन जात नाही. उपाशी झोपेल, देवळात जाऊन बसेल, पण गावात पोराचं नाव खराब करणार नाही. लातूर जिल्हा परिषदेने २०२१ मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या १२ कर्मचाऱ्यांचा पगार ३० टक्के कापला, तेव्हा बातमी झाली. पगार कापायची वेळ येते यातच सगळं आलं. आणि सरकारी पेन्शन योजनेचं नाव काय, तर श्रावणबाळ! महिना दीड हजार. पोरांनी वाहायची कावड सरकारने खांद्यावर घेतली, आणि नाव मात्र आपल्याला आठवण राहावी असं ठेवलं.

आता दोन आक्षेप, जे तुमच्या मनात आलेच असतील.

पहिला, "सेवेची किंमत लावायची का? संस्कार म्हणून काही आहे की नाही?" संस्कार आहेत ना. पण ते वाटून घेताना फक्त सुनेच्या आणि मुलीच्या वाट्याला का येतात? जमीन वाटताना आपण इंच-इंच मोजतो, बांधावरून कोर्टात जातो, तेव्हा किंमत लावल्याचं कोणाला वाईट वाटत नाही. ज्या दिवशी आपण जमिनीलाही संस्कार मानू, त्या दिवशी सेवेची किंमत काढू नका म्हणायचा अधिकार मिळेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. "मग आईवडील इस्टेटीचं गाजर दाखवून मुलांना नाचवतील. आणि ज्यांच्याकडे इस्टेटच नाही त्यांनी काय करायचं?" म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सांभाळण्याची जबाबदारी इस्टेटीवर अवलंबून नाही. वडिलांनी एक गुंठा ठेवला नाही तरी ती आहे, आणि कायदाही असंच म्हणतो. भूमिहीन आईबापाच्या पोरावर ती तेवढीच आहे. माझं म्हणणं उलट्या दिशेने आहे. वाटा मिळणार म्हणून सेवा करू नका, पण सेवा ज्याने केली त्याच्या वाट्यात आपण अर्धे भागीदार म्हणून जाऊन बसू नका. नाचवणारे म्हातारे असतात, मीही पाहिलेत. पण रिकाम्या हाताने दारात बसलेले म्हातारे त्याहून कितीतरी जास्त पाहिलेत.

मग करायचं काय? मी वकील नाही, दस्त करण्याआधी वकिलाला विचाराच. पण मोटामोटी असं:

१. आईवडिलांनी हयातीत काही कोणाच्या नावे करू नये. मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही (केलेली बरी), आणि मन बदललं तर कधीही बदलता येतं. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं करता येतं, एवढं लक्षात ठेवा.

२. द्यायचंच असेल तर सांभाळाची अट त्याच दस्तात लिहा. राहणं, जेवण, औषधपाणी, दोघांनी एकत्र राहणं. सगळं स्पष्ट.

३. सुनेला काही द्यायचं तर मृत्युपत्रात तिचं नाव घाला. नुसतं "सून नाही, लेक आहे" म्हणून भागत नाही.

४. आणि आपण. वडिलोपार्जित जमिनीत जो हक्क आहे तो सांभाळणाऱ्या भावाच्या किंवा बहिणीच्या नावे सोडा. वडिलांच्या स्वकष्टाच्या जमिनीत ते असेपर्यंत आपला हक्कच नसतो, त्यामुळे सोडायलाही काही नाही. तिथे वडिलांना स्पष्ट सांगा, "मृत्युपत्रात माझा वाटा धरू नका. दादा-वहिनींना द्या, ताईला द्या." आणि हे सांगून झाल्यावर औषधाचे पैसे पाठवणं थांबवू नका, आणि वर्षातले पंधरा दिवस सुट्टी काढून जा, म्हणजे वहिनींना माहेरी जाता येईल.

मी हे घरी सांगितलं आहे. वडील दोन दिवस बोलले नाहीत. दादाला वाटलं मी कशावरून तरी रागावलोय. आणि ऑफिसातला एक मित्र (रावेरचा, केळीवाला) म्हणाला, "वेडा आहेस का भो? आज हायवेच्या बाजूला काय भाव चाललाय माहितीये?" माहितीये. महामार्ग चौपदरी झाल्यापासून भाव सगळ्यांनाच माहिती आहे. आईची रात्रीची गोळी कोणती, हे विचारलं तर मात्र त्याला गावी फोन लावावा लागतो.

असो. हक्कसोड पत्र हा काही वाईट कागद नाही. ज्याच्याकडे आधीच पुरेसं आहे त्याने, ज्याने कष्ट केले त्याच्यासाठी हक्क सोडावा, यासारखी चांगली गोष्ट नाही. फक्त आजवर ती सही आपण ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्याकडे पुरेसं कधीच नव्हतं आणि कष्ट तर त्यांनीच केले होते. तेव्हा यापुढे तालुक्याला सहीसाठी बोलवायचंच असेल, तर त्या फोनवर बहिणीचं नाव शोधू नका. पुण्याचा नंबर लावा.